तार

असोळण्याच्या धक्क्यावर तार म्हणतात दोन गोष्टींना :
एक नदी ओलांडते, एक समुद्र.
लिओपोल्दबाब ग्रासियस यांच्या दप्तरात दोन्ही आहेत,
एकीची पावती, एकीचा कागद.
मी सगूण लोटलीकर, त्यांचा लेखनिक,
मोडी वाचायला ठेवलेला, महिना पाच रुपयांवर.

रायतूरच्या सेमिनारीत पाच वर्षं लॅटिन.
पाद्री होणार म्हणून आईने झग्याचं कापड आणलेलं.
हे मधूनच उठून आले. म्हणाले,
देवाची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत.
त्याच कापडाचा वकिलीचा डगला झाला,
बगलेत जरा घट्ट.

मडगावच्या कोर्टात बोलू लागले
की मासळीवाल्या दर सांगायच्या थांबत.
कोमुनिदादीचे बांध, मानशीचे लिलाव,
दोन भावांमधली एक विहीर :
पोर्तुगीजमध्ये सगळं इतकं देखणं व्हायचं
की अशिलाला वाटे, भांडण दुसऱ्याच कुणाचं आहे.

मग निवडणूक.
ज्याला सही येते त्यालाच मत.
बाब म्हणाले, सगूण, कोळसा आण.
तीन आठवडे बलकांवाच्या भिंतीवर
रेंदेर, सुतार, तारी आपापलं नाव गिरवत होते.
इनास तारी सगळ्यांत मंद.
इनासियोमधला शेवटचा ओ
त्याच्या हातून मिटायचाच नाही,
वर एक फट राहायची, उंदीर जाईल एवढी.

वचन एकच दिलं होतं : साळ नदीवर पूल.
गर्दीतून इनासनेच ओरडून विचारलं,
"आणि मग मी काय करू?"
सगळे हसले. बाबही.
बावन्न मतांनी निवडून आले.

चार वर्षांत लिस्बनहून एक तार :
पुलावर बोललो. टाळ्या झाल्या.
मी ती चौकात वाचली, आधी होती तशी,
मग मराठीत, मग कोंकणीत सांगितली.
दर खेपेला ती थोडी लहान होत गेली.

परतले ते खोकला घेऊन.
पुढची निवडणूक हरले.
दोन वर्षं नगरपालिकेत बसले, बाजाराला छप्पर घातलं.
ते अजून आहे. गळतं.
मग पुन्हा कोर्ट, आणि भाटकारांची कामं,
कारण फी भाटकारच देतात.

मिरांद भाटकाराच्या वतीने उभे राहिले
त्या दिवशी समोर इनास होता.
गहाणखत. अकरा माड आणि घराची जागा.
आधी असले लोक कागदावर कुरूस काढत,
कुरूस कुणाचाही असू शकतो
असं बाबांनीच दोनदा सिद्ध केलं होतं.
"ही सही तुझीच?"
इनासने कागद डोळ्यांजवळ धरला.
बराच वेळ बघत राहिला, मान तिरकी करून,
शाळेतलं पोर पाटीकडे बघतं तसा.
"माझीच," म्हणाला. "बघा ना बाब, ओ अजून मिटत नाही."

खटला जिंकले.
संध्याकाळी फी माझ्याकडे मोजायला दिली.
मी दोनदा मोजली.
दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना काढून घेतला त्यांनी.
चुना वाळला की कोळसा वर येतो,
हे मला ठाऊक होतं. बोललो नाही.

गेले ते केळशीला, बहिणीच्या घरी,
सांजांवच्या आदल्या रात्री.
थडगं अलीकडे, असोळण्याला.
नदी तांबडी, फुगलेली,
आणि पूल तर नाहीच.

इनासच्या तारेत पेटी चढवली,
चार खांदेकरी, पाद्री, मी.
त्याने भाडं सात माणसांचं लावलं.
भाचा चिडला, मेलेल्याचंही?
"आडवा माणूस जागा जास्त घेतो," इनास म्हणाला,
आणि वल्हं पाण्यात घातलं.

पलीकडे पोचल्यावर मी पैसे दिले
आणि सवयीने पावती मागितली.
त्याने ओले हात लुंगीला पुसले, माझी दौत घेतली.
रक्कम नाही, तारीख नाही,
नाव तेवढं. दुसरं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दप्तर आता मडगावला जाईल, भाच्याकडे.
लावताना मी ती पावती
लिस्बनच्या कागदावर ठेवली आहे.
ओ उघडा आहे.